चार ऋतूंच्या बायका

माझे बाबा आरमोरीच्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. शाळेत ते मुलांकडून पोळ्याचे बैल आणि बाजाराचा दिवस काढून घ्यायचे, पण त्यांचा जीव त्यात नव्हता. त्यांचा जीव होता घरी फळीवर ठेवलेल्या एका जाडजूड परदेशी पुस्तकात. बदली होऊन गेलेल्या कुणा साहेबाच्या रद्दीतून त्यांनी ते उचललं होतं. त्यात फ्रान्समधल्या जुन्या, शिस्तीत शिकलेल्या चित्रकारांची चित्रं होती. मजकूर बाबांना वाचता यायचा नाही, पण चित्रं त्यांना पाठ होती. दगडातून कोरून काढल्यासारख्या गुळगुळीत अंगाच्या बायका आणि त्यांच्या अंगावर कुठून येतो ते न कळणारा उजेड. रंग कुठे लावला आणि कुठे संपवला ते शोधूनही सापडायचं नाही. ‘ब्रश दिसला म्हणजे चित्र मेलं,’ असं ते आम्हा दोघी बहिणींना सांगायचे.

त्या पुस्तकात ऋतूसुद्धा बायका होऊन यायचे. वसंत म्हणजे फुलं घेतलेली तरुण मुलगी. उन्हाळा म्हणजे गव्हाची पेंढी धरलेली भरल्या अंगाची बाई. शरद म्हणजे फळांची टोपली घेऊन बसलेली, थोडी सैल झालेली. आणि हिवाळा म्हणजे निखाऱ्यांवर हात शेकणारी म्हातारी. आईने एकदा तांदूळ निवडता निवडता त्यांना विचारलं होतं, की यात पानकळा कुठी हाय? आमच्याकडे धानाचा मुलूख, पावसाळ्यावरच सगळं. बाबा म्हणाले, त्या देशात पावसाला ऋतू मानत नाहीत. आई म्हणाली, मग ते जेवतात काय. बाबांनी पान उलटलं. आईच्या प्रश्नांना उत्तर देण्याची त्यांना सवय नव्हती.

मी अकरावीत आणि ताई कॉलेजात असताना बाबांना आयुष्यातलं मोठं काम मिळालं. गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीवर ट्रक लावणारा एक ठेकेदार होता. त्याने लग्नाचा हॉल बांधला होता आणि त्याला भिंतीसाठी चार मोठी चित्रं हवी होती, ‘फॉरेनसारखी’. बाबांनी त्याला पुस्तक उघडून दाखवलं. त्याने चार ऋतूंवर बोट ठेवलं, फक्त बायका अंगभर कपड्यांत असाव्यात एवढंच सांगितलं.

मग आमच्या घराचं चित्रशाळेत रूपांतर झालं. ओसरीवर चार चौकटी उभ्या राहिल्या. घरभर जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास भरला. भाजीलाही तोच वास यायचा.

वसंतासाठी बाबांना शोध घ्यावा लागला नाही. ताई देखणी होती. रस्त्याने गेली की दुकानातली माणसं वजन करायचं थांबत. फाल्गुनात बाबांनी तिला पांढरं पातळ नेसवून, हातात पळसाच्या फांद्या देऊन खिडकीशी उभं केलं. रोज सकाळी ताज्या फांद्या आणायचं काम माझ्याकडे होतं. ताईला उभं राहण्याचा कंटाळा यायचा, पण चित्र जसजसं उमटत गेलं तसतशी ती त्याच्याकडे चोरून बघायला लागली. मला आठवतं, एकदा ती आरशासमोर उभी राहून हनुवटी चित्रातल्यासारखी वर करून पाहत होती. तेव्हा ती खूश होती. ते मी कुणाला सांगितलं नाही.

उन्हाळ्यासाठी आई. वैशाखातल्या भर दुपारी बाबांनी चौकट गच्चीवर नेली आणि तिला तिथे उभं केलं, डोक्यावर धानाच्या तणसाची पेंढी. गहू आमच्याकडे कुठून असणार. आमच्याकडच्या त्या उन्हात कावळेही बाहेर पडत नाहीत. आईने दोनदा म्हटलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आहे. बाबा म्हणाले, ‘सावली हालन तुही. जरा दम धर.’ तिने दम धरला आणि मग ती सरळ खाली पडली, पेंढीसकट. मी पाणी घेऊन धावले. बाबाही उठले, पण ते आधी चौकटीकडे गेले. आई पडताना चौकटीला धक्का लागला होता. चौकट सुरक्षित आहे हे पाहून ते आईजवळ आले. तिला शुद्ध आली तेव्हा ते तिला वारा घालत होते, त्यामुळे तिला मधलं काही कळलं नाही. त्यानंतर आईचं अर्धं डोकं कायमचं दुखत राहिलं. उन्हात निघाली की ती पदर डोळ्यांपर्यंत ओढून चालायची.

शरदासाठी बाबांनी बाजारातल्या एका सीताफळं विकणाऱ्या बाईला बसवलं. ती एकदाच आली. तिच्या नवऱ्याने नंतर येऊ दिलं नाही, म्हणून त्या चित्रातलं तोंड तिचं आणि हात आईचे आहेत.

राहिला हिवाळा. त्यासाठी म्हातारी हवी होती. आमच्याकडे आजी नव्हती. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका मास्तरासमोर बसायला तयार होईनात. मला त्या वर्षी टायफॉइड झाला होता. केस गळले होते, गाल आत गेले होते. रंगाने मी पहिल्यापासून आईपेक्षा काळी. एका संध्याकाळी जेवताना बाबा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, त्यांना माझी काळजी वाटते आहे. ते म्हणाले, ‘उद्या सकाळी तू बस.’

मी विचारलं, कशासाठी. ते म्हणाले, हिवाळ्यासाठी. मी म्हटलं, मी तर लहान आहे. त्यावर ते मला शिकवावं तसं समजावू लागले. हाडं खोटं बोलत नाहीत. मांस येतं आणि जातं, पण कवटी जन्मभर तीच राहते. तुझी हाडं मला आता स्पष्ट दिसतात, त्यावर सुरकुत्या चढवणं माझं काम. मग ते आईकडे वळून म्हणाले, ‘ही म्हातारपनी कशी दिसन ते मले आत्ताच दिसून राह्यलं.’ आईने ताटातला हात काढून घेतला.

पूर्ण मार्गशीर्ष मी घोंगडी पांघरून मातीच्या शेगडीवर हात धरून बसले. धुराने डोळ्यांतून पाणी यायचं. ते पाणीही बाबांनी चित्रात घेतलं. चित्र पुरं झालं तेव्हा समोर एक खोल डोळ्यांची, बोळक्या तोंडाची म्हातारी होती आणि ती मीच होते. अनोळखी असती तर सोपं गेलं असतं. खरं सांगायचं तर चारही चित्रांत ते सर्वांत चांगलं होतं. बाबांनी मला शिकवलं होतं म्हणूनच ते मला कळत होतं.

चित्रं हॉलमध्ये लागली. ठेकेदाराच्या मुलाने वसंत पाहिला आणि ही मुलगी कोण म्हणून विचारलं. चार महिन्यांत त्याच्याशी ताईचं लग्न ठरलं. सगळे म्हणाले, नशीब काढलं पोरीने. लग्न त्याच हॉलमध्ये, त्याच चित्राखाली झालं. लोक नवरीकडे पाहायचे, वर चित्राकडे पाहायचे आणि माना डोलवायचे. लग्नानंतर भाऊजींनी ते चित्र हॉलमधून काढून घरी नेलं. आपल्या बायकोला येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहू नये म्हणाले. हॉलच्या भिंतीवर तीन ऋतू उरले आणि एक रिकामी जागा.

पुढे माझ्यासाठी स्थळं येऊ लागली. माझे केस परत आले होते, अंग भरलं होतं. नागभीडकडचं एक कुटुंब आलं. मुलगा रेल्वेत होता, बोलायला साधा, मला आवडला होता. पोहे झाले. मुलाची आत्या माझ्याकडे पाहत होती. मध्येच तिने पदर तोंडाला लावला आणि शेजारी बसलेल्या बाईला म्हणाली, ‘अवं, हे तं त्या हॉलातली शेगडीवाली बुढी.’ ती बाई हसली. मग मुलगाही हसला. त्यात वाईट हेतू नव्हता, त्याला हसू आवरलं नाही एवढंच. मी पोह्याच्या ताटल्या उचलून आत गेले.

दोन दिवसांनी नकार आला. मध्यस्थाने सांगितलं, मुलगा म्हणतो, पुढे काय होणार ते आधीच पाहून ठेवलं की जीव लागत नाही. आई चुलीसमोर बसून रडली. बाबा खाटेवर बसले होते. त्यांच्या तोंडावर एक वेगळाच आनंद होता. ते म्हणाले, ‘पन त्या बाईनं ओळखलं. एवढ्या सुरकुत्यातून ओळखलं.’

त्यानंतर मी स्थळ पाहू दिलं नाही. चित्रकलेचा डिप्लोमा केला आणि गडचिरोलीच्या पुढे जंगलातल्या एका आश्रमशाळेत नोकरी धरली. माझ्या शाळेतली गोंड मुलं माणसापेक्षा झाडं मोठी काढतात आणि मी ती दुरुस्त करत नाही. आई पुढे काही वर्षांनी गेली. भिंतीवर लावायला तिचा फोटो शोधला, तर बाबांनी तो लावू दिला नाही. हॉलमधल्या उन्हाळ्याच्या चित्राचा फोटो काढून आणला आणि त्याला हार घातला. म्हणाले, फोटोत तिच्या अंगावर असा उजेड नाही. म्हणून आमच्या घरी आई अजूनही डोक्यावर पेंढी घेऊन उभी आहे.

ताईकडे मी वर्षातून एखादवेळी जायची. गडचांदूरला पानांवर, गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर सिमेंटची बारीक भुकटी बसते. दिवाणखान्यात वसंत लावलेला होता आणि रोज सकाळी मऊ फडक्याने त्याचं तोंड पुसायचं काम भाऊजींनी ताईला दिलेलं होतं. पहिली काही वर्षं ती हौसेने पुसायची. मग मुलगी झाली, एक मूल पोटातच गेलं, थायरॉइडचा त्रास सुरू झाला. ताई जाड झाली, तोंडावर वांग आले, केस विरळ झाले. भाऊजींनी तिला कधी हात लावला नाही, मारायला नाही आणि पुढे दुसऱ्या कशालाही नाही. पण पाहुणे आले की ते त्यांना चित्रासमोर उभं करायचे आणि विचारायचे, ओळखा, कोण आहे ही? पाहुणे नटीचं नाव घ्यायचे, नाहीतर मेहुणी का म्हणून विचारायचे. तेवढ्यात ताई चहा घेऊन यायची. भाऊजी म्हणायचे, ‘हे घ्या, आलीच.’

मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलं. पाहुणा भला माणूस होता, तो गोरामोरा झाला. ताईने त्याला साखर कमी का जास्त ते विचारलं. नंतर स्वयंपाकघरात मी तिला म्हटलं की हे तू ऐकून का घेतेस. ती म्हणाली, तुला तरी एकदाच नाकारलं. मला रोज नाकारतात, आणि ते पुसून चकचकीतही मीच ठेवते.

मग एका पावसाळ्यात तिने पुसणं सोडलं. तिने कुणाला काही सांगितलं नाही, फक्त फडकं उचललं नाही. भुकटी बसली, तिला ओल लागली, भिंतीतून पाणी झिरपलं आणि चित्राच्या तोंडावर काळ्या बुरशीचे ठिपके धरले. भाऊजींचं लक्ष गेलं ते दिवाळीच्या तोंडावर. ते ओरडले नाहीत. त्यांनी बाबांना फोन केला. ताईने मला केला. ‘ये,’ एवढंच म्हणाली, आणि मी गेले.

बाबा आरमोरीहून एकटे एसटीने आले, थकलेले, पण रंगाची पेटी मांडीवर घेऊन. दारात ताई पाया पडली. त्यांनी तिला नीट पाहिलंही नाही, सरळ चित्राकडे गेले. थुंकी लावलेल्या कापसाने कोपरा घासून पाहिला. मग चित्र खाली उतरवून घेतलं आणि ब्लेडने हळूहळू तोंड खरवडायला सुरुवात केली. ताई भिंतीला टेकून पाहत होती. आधी गाल गेले, मग ओठ, मग डोळे. संध्याकाळपर्यंत पळसाच्या फुलांच्या वर फक्त कापडाचा पिवळट गोल राहिला.

बाबा म्हणाले की तोंड नव्याने काढावं लागेल आणि त्यासाठी कुणीतरी बसायला हवं. मग त्यांनी पहिल्यांदा ताईकडे नीट पाहिलं. मास्तर वहीकडे पाहतो तसं पाहिलं आणि मान हलवली. ‘तुह्या तोंडावरून आता नाई जमत.’

त्याच वेळी माझी भाची शाळेतून आली. नववीत होती ती. दप्तर टाकून आजोबांच्या पाया पडली. बाबांनी तिची हनुवटी बोटाने वर उचलली, उजेडाकडे फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘इथी आली हाय हनवटी,’ ते म्हणाले. भाऊजी खुर्चीतून उठले आणि म्हणाले, वा, हे उत्तम.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला खिडकीशी स्टुलावर बसवलं. पळसाचा मोसम नव्हता, म्हणून भाऊजींनी ताईला अंगणातली झेंडूची फुलं लेकीच्या केसांत माळायला सांगितली. ताईने माळली. मला तिचा राग आला. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, पण ती माझ्याकडे बघेना.

बाबांनी कोळशाने रेघ ओढायला सुरुवात केली. मुलगी अवघडली होती, सारखी हसत होती. बाबा तिला गोड आवाजात समजावत होते. हात सत्तरी ओलांडूनही स्थिर होता. ते म्हणाले, ‘हालू नको बेटा. हेच वय हाय तुह्यं. याच्यानंतर काही नाई रायत.’

मुलीचं हसणं थांबलं. तिने आईकडे पाहिलं. म्हणजे त्या वाक्याचा पुरावा समोर उभा आहे का, हे तिने पाहिलं. ते मी पाहिलं आणि ताईनेही पाहिलं.

ताई पुढे झाली. मुलीच्या केसांतली फुलं एकेक करून काढली, खिडकीत ठेवली आणि तिला म्हणाली, ऊठ, तुझा अभ्यास आहे. बाबा चिडले, आत्ताच तर उजेड बरोबर आला होता. ताई त्यांच्याशी कधी वर मान करून बोलली नव्हती. तेव्हाही आवाज चढवला नाही.

‘बाबा, मले तुम्ही एकदा काढलं. तेव्हापासून मी ते पुसूनच राह्यली. हिले नाई काढाचं.’

भाऊजी हसून म्हणाले, ‘मंग तूच बस.’

त्यांना वाटलं, ती आत जाईल. ताई स्टुलावर बसली. पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले, तोंड उजेडाकडे केलं. डोळ्यांखालची सूज, गालावरचे वांग, गळ्याशी लोंबलेली कातडी, सगळं त्या सकाळच्या उन्हात स्पष्ट दिसत होतं. ती म्हणाली, ‘काढा. जशी हाव तशी काढा.’

बाबांच्या हातात कोळसा होता. ते तिच्याकडे बघायचा प्रयत्न करत होते आणि नजर सारखी घसरून कापडावर जात होती. शेवटी त्यांनी कोळसा पेटीत ठेवला. ‘असं तोंड वसंताचं नसते,’ ते म्हणाले आणि ब्रश गुंडाळायला लागले. भाऊजी गाडीची किल्ली घेऊन बाहेर निघून गेले.

ताई बसूनच राहिली. मला वाटलं, आता मी काढावं. मला तिचं तोंड काढता येत होतं, बाबांनीच शिकवलं होतं, आणि मी त्यात काही लपवलं नसतं. मी पेटीतला कोळसा उचलला. ताईने मान न वळवता म्हटलं, ‘तू पन नको.’ मी तो परत ठेवला. मग ती उठली आणि तांदूळ टाकायला आत गेली.

त्या चित्राला पुन्हा तोंड मिळालं नाही. भाऊजींनी ते हॉलच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांमागे नेऊन टाकलं. ते ताईशी त्यानंतर जवळजवळ बोललेच नाहीत. तिला त्यामुळे काही कमी झालं असं दिसलं नाही. दहावी झाल्यावर भाची माझ्याकडे शिकायला आली. तिला आरशात पाहायला आवडतं आणि मी तिला पाहू देते.

बाबा त्या दिवशी जे गेले ते ताईच्या घरी परत गेले नाहीत. तिने काम अर्धवट ठेवायला लावलं हा राग त्यांनी धरून ठेवला. पुढे त्यांना एकट्याने राहणं जमेना, तेव्हा मी त्यांना माझ्याकडे घेऊन आले. हळूहळू त्यांचं विसरणं वाढत गेलं. पुस्तक मांडीवर घेऊन बसतात. मला ते ओळखतात. मी दिसले की कधीकधी म्हणतात, बघ, आता तू चित्रासारखी व्हायला लागलीस, आणि त्यांचं चुकलं नव्हतं हे मला दिसतं.

गेल्या संक्रांतीला ताई आली. खूप दिवसांनी त्यांच्यासमोर बसली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘हे बाई कोन हाय?’ मी सांगायला तोंड उघडलं, पण ताईने माझा हात दाबला.

‘शेजारची हाव, भाऊ,’ ती म्हणाली.

बाबा बरं म्हणाले. मग त्यांनी तिला पुस्तक उघडून वसंताचं पान दाखवलं आणि सांगितलं की अशी एक मुलगी त्यांना होती. ताईने पान पाहिलं, सुंदर आहे म्हणाली. त्यांच्या तळहातावर तिळाचा लाडू ठेवला. लाडू कडक होता आणि त्यांना दात नाहीत, म्हणून तिने तो परत घेतला, चुरला आणि थोडा थोडा त्यांच्या तोंडात घातला. ते डोळे मिटून खात राहिले.